अडलेल्या शब्दाचे शेजारी

शाळेत मुलांनी माझं नाव 'नहीं बताऊँगी टीचर' असं ठेवलं होतं. ते माझ्या कानावर आलं तेव्हा मी वरवर डोळे वटारले, पण मनातून खूश झाले होते. आता निवृत्त झाल्यावर हे सांगायला हरकत नाही. नालासोपारा पूर्वेला, तुळिंजच्या गजबजाटात, खाली दुकानं आणि वर वर्ग अशी आमची हिंदी माध्यमाची शाळा. तिथे मी वर्षानुवर्षं मराठी शिकवलं. 'टीचर, इसका मतलब क्या?' या प्रश्नाला माझं पहिलं उत्तर कायम एकच असायचं, 'नाही सांगणार.' आणि दुसरं, 'शेजाऱ्यांना विचार.'

शेजारी म्हणजे बाकावरचा मुलगा नव्हे. शब्दाचे शेजारी. त्याच्या आधीचे, नंतरचे, वरच्या ओळीतले, खालच्या ओळीतले शब्द.

बाहेरच्या माणसाला वाटतं, महाराष्ट्रात मराठी शिकवायला असं काय लागतं? माझ्या वर्गात घरी मराठी बोलणारं एखादंच मूल असायचं. बाकीच्यांच्या घरी भोजपुरी, अवधी, उर्दू, गुजराती. लिपी ओळखीची, त्यामुळे धडा वाचायला सांगितला की पोरं घडाघडा वाचून दाखवत. एखादा पाहुणा दारात उभा राहून ऐकेल तर म्हणेल, वा, काय छान मराठी आहे! पण 'काय वाचलंस?' असं विचारलं, की सगळे चेहरे छताकडे. नळातून पाणी वाहून जावं तसे शब्द तोंडातून वाहून जायचे, भांडं काही भरायचं नाही.

त्यावर आमच्या धंद्यातला नेहमीचा उपाय म्हणजे शब्दार्थ. फळ्यावर डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. मुलं उतरवून घेतात, पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि दिवाळीच्या सुट्टीत विसरतात. मला हे पटत नसे. आपण मोठी माणसं वाचताना कुठे दर शब्दाला कोश उघडतो? अडलेला शब्द ओलांडून पुढे जातो, दोन ओळींनी त्याचा चेहरा दिसायला लागतो, आणि दहाव्यांदा भेटला की तो आपलाच होतो. मग मुलांना हे का शिकवू नये?

मी स्वतः असंच शिकले होते. माझं माहेर बार्शीकडचं. लग्न होऊन विरारला आले तेव्हा इथल्या बाजारातल्या निम्म्या वस्तूंची नावं मला ठाऊक नव्हती. एकदा आगाशीच्या रस्त्यावर एका दुकानात पाटी दिसली, 'सुकेळी मिळतील.' मी थबकले. आजूबाजूला पाहिलं. शेजारी केळ्यांचे घड टांगलेले, पलीकडे वाळलेल्या पानात बांधलेली काहीतरी पुडकी. सुकी केळी! घरी नेऊन नवऱ्याला म्हटलं, 'सुकेळी आणलीत.' तो म्हणाला, 'तुला कुणी सांगितलं हे नाव?' मी म्हटलं, 'पाटीनंच.'

वर्गात माझी पद्धत साधी होती. अडलेल्या शब्दावर बोट ठेवायचं. तो नाहीच असं समजून आजूबाजूचं वाचायचं. तिथे काय असू शकेल याचा अंदाज बांधायचा. मग तो अंदाज शब्दाच्या जागी ठेवून पूर्ण वाक्य पुन्हा वाचायचं. बसतो का? बसला तरी थांबायचं नाही, पुढचं वाक्यही वाचायचं. पुष्कळदा चोर पहिल्या वाक्यात सापडत नाही, दुसऱ्यात सापडतो.

सगळ्यात जास्त दगा देतात ते ओळखीचे वाटणारे शब्द. एका कवितेसारख्या उताऱ्यात होतं, 'सकाळी अंगणात प्राजक्ताचा सडा पडला होता.' सगळ्या वर्गाने नाकं मुरडली. फुलं सडली! हिंदीत 'सडा' म्हणजे कुजलेला. मी म्हटलं, पुढे वाचा. पुढे होतं, 'आजी एकेक फूल हळूच उचलून परडीत ठेवत होती आणि सारं घर सुगंधानं भरलं होतं.' मग मागच्या बाकावरून आवाज आला, 'टीचर, सडा हुआ है तो खुशबू कैसे?' झालं, माझं काम तिथेच संपलं. बाकीचं भांडण मुलांनीच करून निकाल लावला.

आठवीतला साहिल हा या खेळातला माझा सगळ्यात वात्रट गडी. 'भर दुपारी म्हातारा अनवाणी चालत आला,' या वाक्यावर तो ताडकन उभा राहिला. 'अन म्हणजे नाही, वाणी म्हणजे बोलणं. म्हातारा गूँगा होता!' तर्क बिनतोड होता. मुका म्हातारा चालत आला, वाक्यात बसतही होतं. मी म्हटलं, 'शाब्बास. आता पुढचं वाच.' पुढे होतं, 'त्याचे तळवे भाजून निघाले होते.' साहिल डोकं खाजवायला लागला. मुक्याचे तळवे का भाजतील? मग एकदम स्वतःच्या बुटांकडे बघून ओरडला, 'चप्पल! चप्पल नहीं है उसके पास!' तो शब्द तो मुलगा आयुष्यात विसरणार नाही, याची मला खात्री आहे.

असं सगळं छान चाललं होतं. मग खुशबू आली.

खुशबू आठवीच्या वर्षातच आमच्याकडे दाखल झाली. तोवर ती आईबरोबर उत्तर प्रदेशातल्या गावी राहत होती. वडील, मौर्यजी, इथे तुळिंजमध्येच एका गाळ्यात बॅगा शिवायचे. खोली मिळाली तसं त्यांनी दोघींना आणलं. मुलगी शांत, अक्षर मोत्यासारखं, गणितात वर्गात पहिली. मराठी मात्र तिने जन्मात वाचलं नव्हतं. मी तिलाही इतरांसारखंच सांगायचे, 'शेजाऱ्यांना विचार.' ती मान खाली घालून पुस्तकाकडे बघत बसायची. मला वाटलं, लाजते आहे. होईल सवय.

एके दिवशी शाळा सुटल्यावर मौर्यजी मला भेटायला आले. शर्टाच्या बाहीला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले, कामातून उठून आलेले. खुशबू त्यांच्या मागे.

'मैडम जी,' ते म्हणाले, 'एक बात पूछें, बुरा मत मानिएगा. आप टीचर हैं. आपको अर्थ मालूम है. फिर बच्चों को बताती काहे नहीं?'

मी नेहमीचं समजावलं. मुलांनी स्वतः शोधलं तर लक्षात राहतं, आयुष्यभर उपयोगी पडतं, वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं.

'वो सब ठीक है. लेकिन हम सिलाई सिखाते हैं तो पहले सुई पकड़ना खुद दिखाते हैं. लड़के को ये नहीं बोलते कि कपड़े से पूछ लो.'

मी खुशबूकडे वळले. 'बाळ, तुला काय अडतं ते तूच सांग.'

ती हळू आवाजात म्हणाली, 'टीचर, आप बोलते हो पड़ोसी से पूछो. मेरे को तो पड़ोसी भी नहीं पहचानते.'

मी घरी जाईपर्यंत ते वाक्य माझ्याबरोबर चालत होतं. पोरीने माझ्या पद्धतीचं वर्म नेमकं दाखवलं होतं. एका अनोळखी शब्दाभोवती नऊ ओळखीचे असतील, तर ते नऊ जण दहाव्याची ओळख करून देतात. पण दहाही अनोळखी असतील तर कोण कुणाची ओळख करून देणार? साहिलसारखी पोरं इथेच जन्मलेली. रिक्षात, दुकानात, खेळाच्या मैदानात कानावर पडून त्यांच्या पदरी पुष्कळ मराठी होतं, त्यांचं त्यांनाच ते माहीत नव्हतं. खुशबूकडे काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत मी तिला आणि तिच्यासारख्या आणखी दोघी-तिघींना घेऊन बसायला लागले. इथे मी 'नाही सांगणार' हा हट्ट बाजूला ठेवला. आधी शेजारी ओळखीचे करून द्यायला हवे होते. घरातले, शरीराचे, रोजच्या कामाचे शब्द मी सरळ अर्थ सांगून दिले. आणि त्यांच्याबरोबर एक वेगळी जमात दिली. पण, मात्र, म्हणून, कारण, तरी, नाहीतर, जणू. मुलं या शब्दांकडे ढुंकून बघत नाहीत, परीक्षेत त्यांचे अर्थ कुणी विचारत नाही. पण वाक्य कुठे वळणार ते हेच सांगतात.

'हे बघ,' मी खुशबूला म्हणायचे, '"तो दमला होता, तरी तो अमुक राहिला." अमुक म्हणजे काय ते मला माहीत नाही. पण "तरी" आहे ना? मग दमलेला माणूस जे करेल त्याच्या उलटं काहीतरी असणार.'

'चलता रहा,' खुशबू म्हणाली.

'किंवा?'

'काम करता रहा. हँसता रहा.' आणि ती स्वतःच हसली. माझ्याकडे बघून हसलेली तिला मी पहिल्यांदा पाहत होते.

पण तोवर गाडी पुढे गेली होती. मौर्यजी माझ्याशी समोरासमोर बोलून मोकळे झाले होते. इतर काही पालक मात्र थेट मुख्याध्यापिकांकडे गेले होते. लोपीस मॅडम मूळच्या वसईच्या, शिस्तीच्या, बोलायला रोखठोक. त्यांनी मला बोलावलं.

'जगदाळे टीचर, दोन वर्षांनी ही मुलं दहावीला बसणार. पालक म्हणतात, मराठीच्या वहीत अर्थ नाहीत. गाइड घ्या, शब्दार्थ लिहून द्या, विषय संपवा.'

'मॅडम, अर्थ लिहून दिलेली मुलं न पाहिलेला उतारा आला की कोरी राहतात. परीक्षेतसुद्धा.'

'आणि तुमची मुलं राहत नाहीत?'

'नाही राहत.'

हे मी जरा जास्तच ठासून बोलले असणार, कारण त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

'दाखवा मग. पालकांना बोलावू. उतारा मी आणणार. तुम्हीसुद्धा तो आधी बघायचा नाही. जमलं तर शिकवा तुमच्या पद्धतीने. नाही जमलं, तर गाइड. आणि पुढच्या वर्षी नववी-दहावीचं मराठी मी दुसऱ्यांना देईन.'

नववी-दहावी हातातून जाणं म्हणजे काय, ते शिक्षकाला विचारा. पेरायचं आपण आणि पीक उभं राहिलं की शेतात पाऊल टाकायचं नाही. तरी मी हो म्हटलं. मला धाकधूक नव्हती असं नाही, पण माझ्या पोरांवर माझा भरवसा होता.

ठरलेल्या दिवशी वर्गाच्या मागच्या भिंतीला खुर्च्या लावल्या होत्या. पालक येऊन बसले. मौर्यजी एका कोपऱ्यात, हातांची घडी घालून. संस्थेचे एक वयस्कर विश्वस्तही आले होते. लोपीस मॅडमनी झेरॉक्स वाटल्या आणि एक माझ्या हातात दिली. चर्चच्या एका जुन्या स्मरणिकेतला खाडीकाठच्या लोकांवरचा लेख होता, त्यातला हा तुकडा:

'अमावास्या-पौर्णिमेला खाडीला उधाण येतं. पाणी बांधाला धडका देतं आणि ओहोटीला उतरलं की तळाचा चिखल उघडा पडतो. अष्टमीच्या सुमारास मात्र भांग असतो. तेव्हा पाणी धड चढत नाही, की धड उतरत नाही. अशा दिवसांत पुष्कळ होड्या काठालाच राहतात आणि माणसं जाळी दुरुस्त करत बसतात.'

मी पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली आणि तिसऱ्या ओळीला माझ्याच पायाखालची फरशी हलली. भांग? केसांचा भांग मला ठाऊक. होळीला पितात ती भांग ठाऊक. हा कुठला? मी दुष्काळी मुलखातली बाई. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो लग्नानंतर. खाडीच्या पाण्याला भांग असतो हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

मुलांनी मनात वाचून काढलं. 'उधाण' त्यांनी पटकन सोडवला. बांधाला धडका देणारं पाणी म्हणजे खूप वर आलेलं पाणी. मग साहिलचा हात वर गेला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू बघूनच मला कळलं काय येणार ते.

'टीचर, अष्टमी के दिन सब लोग भांग पीते हैं! इसीलिए नाव किनारे पर है और सब बैठे हैं!'

वर्ग फुटला. मागे पालकही हसले. साहिलला आणखी जोर चढला. 'और लिखा भी है टीचर, "धड चढत नाही"! चढ़ी नहीं बराबर!'

आता विश्वस्तसुद्धा रुमालात तोंड लपवून हसत होते. मी हसले नाही. साहिलचा अंदाज मूर्खपणाचा नव्हता. होड्या काठाला, माणसं बसलेली, वर 'चढत नाही'. माझ्याच पद्धतीने त्याने शेजाऱ्यांना विचारलं होतं आणि शेजाऱ्यांनी त्याला मस्त फसवलं होतं. आणि तो चुकला आहे असं ठामपणे म्हणायला माझ्याकडे अर्थच नव्हता.

लोपीस मॅडम माझ्याकडे टक लावून बघत होत्या.

तेव्हा मी जे केलं त्याचा मला आजही अभिमान वाटतो. मी झेरॉक्स टेबलावर ठेवली आणि म्हटलं, 'मुलांनो, या ठिकाणचा भांग म्हणजे काय, ते मलाही माहीत नाही. आज मी खरंच सांगू शकत नाही. आपण सगळे मिळून शोधू.'

हसणं थांबलं. 'टीचर को भी नहीं मालूम' अशी कुजबुज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेली. मग मी पाहिलं, एकेक पोरगं कागदावर वाकलं. आजवर त्यांना वाटायचं, उत्तर टीचरच्या मुठीत आहे, ती मूठ उघडत नाही एवढंच. आज मूठ रिकामी निघाली होती. आता खरी शिकार सुरू झाली.

पहिला घाव जिग्नाने घातला. ती गुजराती घरातली, व्याकरणात पक्की. 'टीचर, पिण्याची भांग ती भांग ना? मग "भांग असते" पाहिजे. इथे "असतो" लिहिलंय. ही वेगळी आहे.'

'हा वेगळा आहे,' मी म्हटलं आणि तिला टाळी द्यावीशी वाटली.

'तो बाल वाला?' कुणीतरी विचारलं. 'तो भांग.'

'बसवून बघा,' मी म्हटलं.

त्यांनी बसवून पाहिलं. अष्टमीला केसांचा भांग असतो, तेव्हा पाणी चढत नाही. लिंग बसलं, अर्थ बसेना. एकाने पाणी मधोमध दुभंगत असेल असं सुचवलं, पण पुढच्या वाक्यात दुभंगण्याचं काही नव्हतं. वर्ग अडला. मी फळ्यापाशी नुसती उभी. मागून एक खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

मग खुशबूने हात वर केला. भर वर्गात तिने हात वर केल्याचं मला त्याआधी आठवत नाही.

'टीचर, "मात्र" है.'

'मग?'

ती उभी राहिली. मराठीत बोलायचा प्रयत्न करत, शब्द शब्द जोडत म्हणाली, 'वरती... उधाण आहे. पाणी खूप वरती, मग खूप खाली. "मात्र" आहे म्हणजे... उलटं. भांग म्हणजे उधाणचं उलटं. पाणी थोडं वरती, थोडं खाली.' आणि दम घेऊन म्हणाली, 'आणि म्हणून पुढे "धड चढत नाही, धड उतरत नाही." पाणी, टीचर. आदमी नाही. पाणी चढत नाही.'

मी तो अर्थ शब्दाच्या जागी ठेवून पूर्ण उतारा मोठ्याने वाचला. प्रत्येक वाक्य जागच्या जागी बसलं. आणि शेवटच्या ओळीला पोचायच्या आत साहिल बाकावरून उडालाच.

'लघु ज्वार! टीचर, लघु ज्वार! सातवीं में था, भूगोल में!'

आता माझी पाळी होती. माझ्या डोळ्यांपुढे आली ती ज्वारी. बार्शीकडची, हुरड्याची, टपोरी. लहान ज्वारीचा खाडीशी काय संबंध? मी विचारलं, 'कसली ज्वार रे?' तर अख्खा वर्ग मला शिकवायला उठला. 'टीचर, ज्वार माने समुंदर का पानी ऊपर आता है! अमावस-पूनम को दीर्घ ज्वार, अष्टमी को लघु ज्वार! चाँद और सूरज का खींचना...' फळ्यावर येऊन एकाने सूर्य, चंद्र, पृथ्वी काढून दाखवली. मी बाजूला सरकले.

लोपीस मॅडम उठल्या. मागे पालकांकडे बघून म्हणाल्या, 'बरोबर आहे. माझी आजी नायगावच्या खाडीकाठची. ती म्हणायची, "भांगाचं पानी आळशी."' मग माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, 'टीचर, तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?'

'नव्हतं, मॅडम.'

'मला वाटलं, माहीत असणार. मुलं अडली की तुम्ही न राहवून सांगून टाकाल आणि मी तुम्हाला पकडेन.'

पालक निघाले तेव्हा मौर्यजी माझ्यापाशी थांबले. 'मैडम जी, सच बताएँ? भांग हम भी होली वाली ही समझे थे.' मग लेकीकडे पाहिलं. तिच्याभोवती मुलींचा घोळका होता. मौर्यजींचा बाणा मात्र सुटला नाही. 'लेकिन एक बात है. परीक्षा में शब्द अकेला आ गया, बिना पड़ोसी के, तब?'

तेही खरंच होतं. प्रश्नपत्रिका समानार्थी शब्द विचारते तेव्हा शब्द एकटाच उभा असतो, मागे-पुढे कुणी नाही. लोपीस मॅडमनी तोडगा काढला. शुक्रवार गाइडचा, बाकीचे दिवस माझे. नववी-दहावीही माझ्याकडेच राहिली. मी शुक्रवारी निमूट फळ्यावर शब्दार्थ लिहायचे. साहिल दर शुक्रवारी विचारायचा, 'टीचर, आज तबियत ठीक नहीं क्या?'

कुणी हे वाचून अंदाजाचं फार कौतुक करू नये म्हणून सांगते. मी मुलांना दोन जागा पक्क्या बजावल्या होत्या, जिथे अंदाज चालत नाही. औषधाच्या बाटलीवर आणि विजेच्या डब्यावर. तिथे शब्द अडला तर सरळ माणसाला विचारायचं. गोष्टीत चुकलात तर हसू होतं, तिथे चुकलात तर हसायला कुणी उरत नाही.

एक खंतही आहे. मी निवृत्त झाल्यावर शाळेत आठवडाभर शुक्रवारच असतो, असं कानावर येतं. नव्या शिक्षिका हुशार आहेत, पण वर्ग मोठे, तास कमी, आणि 'नाही सांगणार' म्हणायला वेळ लागतो. अर्थ सांगायला एक क्षण पुरतो. तो सापडेपर्यंत वाट बघायची तर अर्धा तास आणि भरपूर गोंगाट सोसावा लागतो. माझ्यानंतर तो गोंगाट सोसणारं कुणी राहिलं नाही, याचं वाईट वाटतं. पण त्या पोरांनी जे कमावलं ते आता कुणी काढून घेऊ शकत नाही, हेही मला पक्कं ठाऊक आहे.

माझा शेवटचा तास याच वर्गावर झाला. मुलं नववीत होती. भाषण वगैरे करायचं नाही असं मी आधीच ठरवलं होतं. मी स्वतः लिहिलेली एक छोटी गोष्ट वाटली आणि म्हटलं, 'मनात वाचा. कुणी कुणाला काही सांगायचं नाही. मीही नाही.'

गोष्ट अशी होती. एका वाडीतली केळी चोरीला जात होती, म्हणून मालकाने राखणदार ठेवला. एका दुपारी चोर कुंपणापाशी आले, तर आतून गुरगुरण्याचा भयंकर आवाज. वाघ आहे समजून ते चपला टाकून पळाले. तो आवाज ऐकून मालक धावत आला. पाहतो तर राखणदार खाटेवर उताणा पडून, तोंड उघडं टाकून घोरत होता. नोकर त्याला हलवायला पुढे झाला, तेव्हा मालक म्हणाला, 'उठवू नकोस, तो कामावर आहे.'

'घोरणं' मी कधी शिकवलं नव्हतं. हिंदीत 'घूरना' म्हणजे टक लावून बघणं, म्हणजे मुलं आधी तिकडेच जाणार हे मला माहीत होतं. मी टेबलाशी हात बांधून बसले. वर्गात कागदांची सळसळ तेवढी.

पहिल्यांदा साहिल फिसकन हसला आणि त्याने तोंडावर हात दाबला. मग जिग्ना. मग खिडकीकडच्या बाकावरचे दोघे. जो तो आपापल्या वेगाने त्या ओळीला पोचत होता आणि पोचला की फुटत होता. हसू असं तुकड्या-तुकड्यांनी वर्गभर फिरलं, मला कुणाला काही विचारायची गरज नव्हती. हळूहळू सगळे हसून शांत झाले.

फक्त खुशबू अजून वाचत होती. बोट त्या शब्दावर, कपाळावर आठी. ती एक ओळ वर गेली, परत खाली आली. सगळा वर्ग तिच्याकडे बघत होता, पण ठरल्याप्रमाणे कुणी चकार शब्द काढला नाही. साहिलने तर ओठ दातांखाली धरले होते. मी घड्याळाकडे पाहिलं नाही.

मग तिचं बोट शब्दावरून सुटलं. कपाळावरची आठी गेली. आणि खुशबू एकटीच, सगळ्यांच्या नंतर, खळखळून हसली.